वसाहतीत हाफवे होम येणार असेल, तर शंका कशा मांडाव्यात

आमच्या वसाहतीच्या सूचनाफलकावर एका रविवारी सकाळी हाताने लिहिलेला कागद लागला होता. कोपऱ्यावरच्या बंगल्यात वेड्यांचे इस्पितळ येत आहे, सर्वांनी सायंकाळी जमावे, एवढाच मजकूर होता. त्या वेळी मी वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. सायंकाळी साठ-सत्तर माणसे जमली आणि त्यांतल्या एकालाही त्या बंगल्यात नेमके कोण राहणार आहे हे ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. तरी दोन तासांत विरोधाचे निवेदन तयार झाले आणि त्यावर पहिली सही माझी झाली. पुढचे आठ महिने त्या निवेदनातल्या एकेका वाक्याची शहानिशा करण्यात गेले. काही वाक्ये अगदी रास्त ठरली, आणि काही अशी होती की ती लिहायलाच नको होती, असे मला आजही वाटते. ज्यांच्या वसाहतीत मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी असे घर प्रस्तावित आहे, त्या रहिवाशांना, विशेषतः संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना, तोच फेरा पुन्हा पडू नये म्हणून पुढची रीत लिहीत आहे.

नेमके काय येत आहे, ते आधी जाणून घ्यावे

‘मनोरुग्णांचे काहीतरी येत आहे’ एवढ्या माहितीवर सभा बोलावू नये. रुग्णालय, हाफवे होम, ग्रुप होम आणि साहाय्यित निवास या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणती शंका लागू पडते व कोणती नाही, हे या फरकावरच ठरते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 अन्वये 2018 मध्ये जे नियम झाले, त्यांत हाफवे होम म्हणजे रुग्णालयातून घरी सोडलेल्या, पण अजून एकट्याने किंवा कुटुंबासोबत राहण्याइतपत तयारी न झालेल्या व्यक्तींसाठीचा मधला मुक्काम, असा अर्थ दिलेला आहे. ग्रुप होममध्ये चार-आठ माणसे एका घरात मिळून राहतात, घरकाम वाटून घेतात आणि मदतनीस त्यांच्यासोबत असतो. साहाय्यित निवासात व्यक्ती स्वतःच्या किंवा भाड्याच्या घरात राहते आणि काळजीवाहक तिच्याकडे येऊन जातो. हा तिसरा प्रकार असेल, तर आपल्यासमोर कोणतीही संस्था नाही, एक भाडेकरू किंवा घरमालक आहे, आणि त्याच्या आजाराविषयी संस्थेच्या सभेत चर्चा करण्याचे काहीच कारण नाही. भाडेकरू ठेवताना सभासदाने संस्थेला द्यावयाची सूचना, भाडेकराराची प्रत आणि पोलीस ठाण्याला दिलेली माहिती एवढेच तपासावे. बिनभोगवटा शुल्कही, म्हणजे सभासद स्वतः राहत नसलेल्या घरावरचे शुल्क, इतर भाडेकरूंच्या बाबतीत लावतो तेवढेच, म्हणजे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच लावावे.

आमच्याकडे येणार होते ते आठ स्त्रियांचे ग्रुप होम. ही साधी माहिती मिळवायला बंगल्याच्या मालकाला एक दूरध्वनी पुरेसा होता, पण तो सभेनंतर तीन दिवसांनी केला गेला. माहिती घेताना पुढील गोष्टी विचाराव्यात: घर चालवणारी संस्था कोणती व तिची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, किती माणसे राहतील, दिवसा व रात्री मदतनीस किती, मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी भेट देतात, जागा भाड्याची की विकत घेतलेली, आणि भाडेकरार किती काळाचा. राहणाऱ्यांची नावे, आजाराचे नाव किंवा पूर्वेतिहास मात्र विचारू नये. आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानेच त्यांना दिलेला आहे, आणि तसे विचारून आपल्या हाती काहीही लागत नाही.

काय चर्चेला खुले आहे आणि काय नाही

हा भाग सभेपूर्वी सर्व पदाधिकाऱ्यांनी शांतपणे वाचावा, कारण बहुतेक वसाहतींची शक्ती येथेच वाया जाते. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम 19 नुसार मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा आणि त्यापासून वेगळे न काढले जाण्याचा हक्क आहे. घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणाने तिला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, आणि अशी हाफवे होम व ग्रुप होम उभारणे किंवा त्यांना साहाय्य करणे ही शासनाची जबाबदारी आहे. मानसिक आजारालाही दिव्यांगत्वात धरणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हाही याच बाजूने उभा आहे, आणि त्याच्या कलम 92 नुसार दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा तिला धाक दाखवणे यासाठी सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. प्रवेशद्वारावर फलक लावून घोषणा देण्यापूर्वी हे कलम माहीत असलेले बरे.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरी होऊनही घरी जाऊ न शकलेली माणसे वर्षानुवर्षे राहिली, ही आपल्या राज्याची जुनी व्यथा आहे. त्यांतल्या काहींना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा मार्ग राज्याने पत्करला, तेव्हा जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याच्या विरुद्ध आहे असे सांगून थांबवायला लावला. मग ही माणसे जाणार कोठे? कोणत्या तरी गल्लीतल्या कोणत्या तरी घरातच जाणार. हा प्रश्न आपल्या दारी आला, म्हणजे आपल्यावर अन्याय झाला असे होत नाही.

तेव्हा ‘अशी माणसे येथे नकोत’ हा ठराव संस्थेच्या सभेत बहुमताने मंजूर झाला, तरी त्याला काहीही किंमत नाही. घर कसे चालेल, इमारतीवर आणि गल्लीवर किती ताण येईल, अडचण आली तर कोणाला उठवायचे, या सगळ्यावर मात्र रहिवाशांना विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरलाच पाहिजे.

शंकांची वर्गवारी

सभेत आलेली प्रत्येक शंका, कितीही बोचरी असली तरी, आहे त्या शब्दांत लिहून घ्यावी. दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांनी बसून प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहावा: याचे उत्तर कोण देऊ शकेल? ज्या शंकेला उत्तर देणारा माणूस किंवा कार्यालय सापडते, ती पुढे न्यावी. ज्या शंकेला असा कोणीच सापडत नाही, ती बहुधा भीती असते. भीतीही खरी असते, पण ती निवेदनात लिहून मिटत नाही. तिच्यासाठी वेगळा उपाय आहे आणि तो पुढे सांगितला आहे.

आमच्या यादीत सत्तावीस मुद्दे होते. त्यांतला सर्वांत उत्तम मुद्दा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मांडला होता. त्या बंगल्यासमोरचे ड्रेनेजचे चेंबर दर पावसाळ्यात तुंबते, सध्या तेथे दोनच माणसे राहतात, उद्या अकरा-बारा झाली तर काय, असे त्यांनी विचारले. आरडाओरड्यात त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही आणि निवेदनात तो मुद्दा आलाही नाही. पुढे त्याच मुद्द्यावर संस्थाचालकांनी स्वखर्चाने वाहिनी बदलून घेतली आणि त्याचा फायदा शेजारच्या चार घरांना झाला. पाण्याचा नळजोड, टँकरची गरज, ओल्या-सुक्या कचऱ्याची व्यवस्था, रुग्णवाहिका व भेटीला येणाऱ्यांची वाहने कोठे उभी राहणार, स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर किती व कोठे ठेवणार, हे सारे याच जातीचे प्रश्न आहेत आणि ते ठामपणे विचारावेत.

सुरक्षिततेचा मुद्दा अधिक काळजीने हाताळावा लागतो. लहान मुलांच्या आया घाबरतात, त्यांना कोणी हसू नये आणि दटावूही नये. त्यांना वस्तुस्थिती सांगावी. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात, आणि त्यांच्यावर अत्याचार होण्याचा धोका त्यांच्याकडून होण्याच्या धोक्याहून मोठा असतो. एखादी व्यक्ती कधीच बेचैन होणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तशी ती आपल्या इमारतीतल्या कोणत्याही सभासदाबद्दलही देता येणार नाही. विचारायचे ते हे: या घरात कोणाला प्रवेश द्यायचा हे कोण ठरवते, औषधे चुकू नयेत म्हणून काय व्यवस्था आहे, कोणी बेचैन झाले तर मदतनीस प्रथम काय करतो, डॉक्टर किती वेळात येतात आणि कोणत्या रुग्णालयाशी संधान बांधलेले आहे. ज्या संस्थेचे काम नीट चालते, ती या प्रश्नांची उत्तरे तेथल्या तेथे देते. जी चाचरते, तिच्याबद्दल काळजी करायला जागा आहे, आणि ती काळजी सर्वांत आधी त्या घरात राहणाऱ्यांसाठी करावी.

आमच्या निवेदनात एक मागणी अशी होती की सर्व खिडक्यांना पक्के गज बसवावेत आणि रात्री नऊनंतर मुख्य दाराला बाहेरून कुलूप लावावे. ती मीच सुचवली होती. घर चालवणाऱ्या संस्थेच्या समाजसेविका बाईंनी ती वाचली, कागद खाली ठेवला आणि मला विचारले, ‘दादा, एरवाडी ठाऊक आहे का?’ 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा जागेला पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे पळता न आल्यामुळे जळून मेली. बातमी मी त्या वेळी वाचलेली होती, तरी कुलपाची मागणी लिहिताना ती मला आठवली नाही. अशा घराकडून कुलपाची मागणी कधीही करू नये. मागायचे असेल तर दोन वेगवेगळे बाहेर पडण्याचे मार्ग, आतून सहज उघडणारी कडी, अग्निशामक उपकरणे आणि ती चालवण्याचे मदतनीसांना दिलेले शिक्षण मागावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 ज्या इमारतींना लागू होतो, तेथे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. आपल्या वसाहतीच्या इमारतींचे असे प्रमाणपत्र आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

लेखी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे

शंकांची छाननी झाल्यावर घर चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहावे. पत्रात दहा-बारापेक्षा अधिक प्रश्न नसावेत, प्रत्येक प्रश्न एका वाक्यात मावावा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत असावी. सुरुवात कशी करावी याचा नमुना देतो: ‘आपण आमच्या वसाहतीतील अमुक क्रमांकाच्या बंगल्यात ग्रुप होम सुरू करीत असल्याचे समजले. तेथे राहणाऱ्या व्यक्तींच्या या वसाहतीत राहण्याच्या हक्काबद्दल आमचा आक्षेप नाही. घराच्या व्यवस्थेसंबंधी पुढील बाबींचा खुलासा कृपया लेखी करावा.’ यातले दुसरे वाक्य लिहिण्यावरून आमच्या कार्यकारिणीत दीड तास वाद झाला. माझे मत असे की ते वाक्य लिहावेच, कारण त्यानंतर समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात राहत नाही आणि चेंबरच्या प्रश्नाला खरोखर चेंबरचे उत्तर देतो.

‘वेडे’, ‘वेडसर’, ‘पागल’ हे शब्द पत्रात, ठरावात आणि इतिवृत्तात येऊ देऊ नयेत. स्वमदत गटांत आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे शब्द अवघडल्यासारखे वाटले, तर सरळ ‘रहिवासी’ म्हणावे.

सरकारी दार कोठे ठोठवावे

ज्या ठिकाणी मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना दाखल करून काळजी व पुनर्वसनासाठी ठेवले जाते, त्या ठिकाणाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक असते. प्रथम तात्पुरती नोंदणी होते आणि ती बारा महिने चालते. किमान मानके पूर्ण केल्याचे पुरावे संस्थेने सादर केले की, कायम नोंदणीपूर्वी ते पुरावे लोकांच्या माहितीसाठी आणि हरकतींसाठी तीस दिवस जाहीर ठेवावे लागतात. ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांच्यासाठी कायद्याने ठेवलेली खिडकी ती हीच, आणि आमच्या सभेत आलेल्या एकाही माणसाला तिची माहिती नव्हती. येथे हरकत घेताना ती मानकांविषयी असावी: जागा अपुरी आहे, स्वच्छतागृहे कमी आहेत, मनुष्यबळ कागदावरच आहे. शेजाऱ्यांना आवडत नाही ही हरकत तेथे टिकत नाही.

घर सुरू झाल्यानंतर मानके पाळली जात नसतील, तर कोणत्याही व्यक्तीच्या तक्रारीवरून प्राधिकरण तपासणी किंवा चौकशीचा आदेश देऊ शकते, आणि दर तीन वर्षांनी लेखापरीक्षण होते ते वेगळेच. नोंदणीशिवाय चालणाऱ्या ठिकाणाला पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. नोंदणी झाली आहे की नाही हे संस्था सांगत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. त्या भूखंडावर असा वापर अनुज्ञेय आहे का, हे महापालिकेच्या नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडे विचारावे. नगरसेवकाकडे जायला हरकत नाही, पण वरचे कागद हातात घेऊन जावे. रिकाम्या हाताने गेल्यास तेथे घोषणाच होतात, आणि एकदा घोषणा झाल्या की माघार घेणे कोणालाच सोपे जात नाही.

भीतीसाठी: जाऊन पाहावे

ज्या शंकांना उत्तर देणारे कार्यालय नाही, त्यांच्यासाठी एकच उपाय आहे, तो म्हणजे तीच संस्था चालवत असलेले दुसरे घर प्रत्यक्ष पाहणे. परवानगी घेऊन, पाच-सहा जणांनी, त्यातही सर्वाधिक विरोध करणाऱ्यांना बरोबर घेऊन जावे. चेन्नईतील ‘द बॅन्यन’ या 1993 मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी सुरू केलेल्या संस्थेने ‘होम अगेन’ या नावाने असाच उपक्रम उभा केला. त्यात रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेली चार-पाच माणसे साध्या वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात. हा उपक्रम रत्नागिरीतही पोहोचला आहे.

आम्ही सहा जण ज्या घरी गेलो, तेथे दुपारी चारच्या सुमारास दोन बायका वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसल्या होत्या. फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कागदावर भांडी, केर, दूध आणणे आणि देवाची फुले अशी कामे वारांनुसार वाटलेली होती. औषधांच्या डब्यांना सात वारांचे कप्पे होते, डबे कुलूपबंद कपाटात होते आणि कपाटाची किल्ली मदतनीस ताईंच्या कमरेला होती. मुख्य दाराची कडी आतून होती. आमच्यातल्या ज्या काकूंनी सभेत सर्वांत मोठ्याने विरोध केला होता, त्या मेथीच्या जुडीजवळ खाली बसल्या आणि निवडू लागल्या. परतताना गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, की रात्री एकटीच मदतनीस असते, ती आजारी पडली तर कोण येणार, हे लिहून घ्या. तो प्रश्न आमच्या पत्रात सातव्या क्रमांकावर गेला.

तेथील शेजाऱ्यांशीही बोलावे, मात्र संस्थेच्या माणसांना बाजूला ठेवून. घरांच्या किमती पडतील ही भीती बऱ्याच जणांना खाजगीत वाटते आणि सभेत ती मुलांच्या सुरक्षिततेच्या नावाने बोलली जाते. तिचा निकाल अंदाजाने लावू नये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर दस्तांची सूची क्रमांक 2 पाहता येते. अशा घराच्या आसपास, ते सुरू होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांत झालेले विक्री व्यवहार कोणालाही काढता येतात. ज्याला ही भीती आहे, त्यालाच हे काम सोपवावे.

भेटीत किंवा नंतर कोणाचेही छायाचित्र काढू नये आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. एकदा फिरलेले छायाचित्र परत घेता येत नाही, आणि ज्या बाईला वीस वर्षांनी घर मिळाले आहे, तिची ओळख तिच्या आजारावरूनच करून देण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

सहमतीपत्र आणि आढावा

लेखी उत्तरे आल्यावर दोन्ही बाजूंनी मिळून दोन पानांचे सहमतीपत्र करावे. त्यात माणसांची कमाल संख्या, चोवीस तास उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक, रात्रपाळीची पर्यायी व्यवस्था, कचरा, पाणी व वाहनतळ, आणि तक्रार आल्यास किती तासांत कोण उत्तर देईल हे असावे. कोणी बेचैन दिसले तर शेजाऱ्यांनी काय करावे, हेही त्यात लिहावे: प्रथम घराच्या क्रमांकावर कळवावे, गर्दी करू नये, आणि जिवाला धोका असेल तरच 112 वर दूरध्वनी करावा. मानसिक आरोग्याविषयी सल्ला हवा असल्यास शासनाची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे, आणि ती आपल्या स्वतःच्या घरातल्या माणसांसाठीही आहे. आमच्याकडे हा क्रमांक फलकावर लागल्यानंतर दोन कुटुंबांनी मला बाजूला घेऊन आपल्या मुलांबद्दल विचारले. ती दोन्ही कुटुंबे पहिल्या निवेदनावर सही केलेली होती.

आढाव्याची पहिली बैठक घर सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी आणि दुसरी सहा महिन्यांनी घ्यावी, तारखा सहमतीपत्रातच लिहाव्यात, आणि त्या घरातल्या रहिवाशांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांना बैठकीला आवर्जून बोलवावे. आमच्या पहिल्या बैठकीत वसाहतीच्या बाजूने एकच तक्रार आली, ती रुग्णवाहिका फाटकासमोर उभी राहिल्याची. बंगल्यातल्या दोन बायका आल्या होत्या आणि त्यांच्या दोन तक्रारी होत्या: गणपतीच्या मांडवातला ध्वनिक्षेपक रात्री दहानंतरही चालू राहतो, आणि त्यांच्या फाटकासमोरचा दिव्याचा खांब महिनाभर बंद असल्याने संध्याकाळी फिरून परत येताना भीती वाटते. तिन्ही तक्रारी इतिवृत्तात अनुक्रमे लिहिल्या गेल्या, आणि खांबाचा क्रमांक टिपून महापालिकेच्या विद्युत विभागाला दुसऱ्याच दिवशी वसाहतीच्या वतीने अर्ज गेला.